गोळीची परीक्षा आणि परीक्षेला बसलेल्या बाया



वाङ्मयाच्या व्याख्यानमालेत कर्करोगावरच्या औषधाचा विषय कशासाठी, असे तुमच्या मनात आले असेल. याचे उत्तर लेखाच्या शेवटी तीन शब्दांत येईल. ते तीन शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे आहेत आणि ते नीट न वाचल्याने माणसे दगावली आहेत. वाचण्यावर जीव अवलंबून असेल, तर तो विषय आपल्या मंडळाचाही आहे.

निपाणी, बेळगाव, खानापूर, चिकोडी या आपल्या पट्ट्यात असे घर क्वचितच असेल, की ज्यातील कोणी आत्या, मावशी, वहिनी स्तनाच्या कर्करोगाची फाईल घेऊन प्रवासाला निघाली नाही. पूर्वी मोठ्या आजाराला मिरज गाठायची. वानलेस साहेबांचा तो दवाखाना १८९४ पासूनचा, आणि बेळगावाहून मिरजेला थेट आगगाडी. कर्करोग म्हटला की मात्र मुंबईचे परळ. रात्रीच्या गाडीने निघायचे, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचे, सकाळी टाटाच्या रांगेत उभे राहायचे. सलाईन लागले की परत यायचे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा निघायचे. आता बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत उपचार मिळतात, तरीही अनेकांची ही वारी चुकलेली नाही.

अशा घरात एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता सलाईन नको. गोळ्या लिहून देतो, घरीच घ्या." त्या क्षणी दोन भावना एकदम येतात. पहिली सुटकेची. दुसरी कोणी बोलून दाखवत नाही, पण परतीच्या गाडीत ती सगळ्यांच्या मनात असते. आता करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून समजूत घालायला गोळ्या दिल्या का?

या शंकेला इतिहासानेच उत्तर देता येईल. ही गोळी कुठून आली, तिची परीक्षा कोणी घेतली, आणि त्या परीक्षेला कोण बसले, हे पाहू.

परळ, १९२८

सुरुवात परळमध्येच होते, पण टाटा रुग्णालय तिथे उभे राहण्याच्या आधी. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन संस्था होती. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे परळ ही आपलीच राजधानी. तिथे १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. तिच्यापुढे प्रश्न होता तो मुंबईतल्या गरीब गरोदर बायांच्या पांडुरोगाचा. गिरणीत राबणाऱ्या, चाळीत राहणाऱ्या या बाया गरोदरपणात फिकट पडत, धापा टाकत आणि बाळंतपणात दगावत. लोह देऊन उपयोग होत नसे.

विल्सने बायांच्या ताटात काय असते ते पाहिले. गरीब मुस्लिम घरांतील बायांत हा आजार जास्त दिसत होता आणि त्यांचा आहार सर्वांत निकृष्ट होता. आजार जंतूंचा नसून अन्नातल्या कसल्यातरी उणिवेचा आहे, हे तिने ओळखले. प्राण्यांवर प्रयोग करताना तिने यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज घरांत पावाला लावून खातात ते स्वस्त मार्माइट, वापरून पाहिले. तो गुणकारी ठरला. मग तोच अर्क तिने या बायांना दिला आणि त्यांचे रक्त भरून येऊ लागले. तिचा निबंध १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या अर्कात नेमके काय होते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. आज आपल्या प्रत्येक गरोदर लेकी-सुनेला मिळणारी फॉलिक आम्लाची गोळी ही परळच्या त्या बायांची देणगी आहे. त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

याच १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणातून पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, हाफकिनपासून चालत काही मिनिटांवर. दोन्ही इमारतींचा एकमेकींशी काय संबंध जुळणार आहे, हे त्या दिवशी कोणाला सुचण्याचे कारण नव्हते.

उलटी किल्ली

हा संबंध जुळवणारा माणूस आंध्रातील भीमावरमचा. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर उपचार करत. पांडुरोगात गुण देणारे हे द्रव्य इथेही गुण देईल या आशेने ते दिले, तर रोग उलट भडकल्यासारखा वाटला. फार्बरने त्यातून निष्कर्ष काढला की पेशींना वाढायला हे द्रव्य लागते, तर ते तोडले पाहिजे.

सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने मग फॉलिक आम्लासारखी दिसणारी पण त्याचे काम न करणारी द्रव्ये बनवली. एखाद्या कुलपात जवळजवळ तशीच दुसरी किल्ली घातली की ती आत बसते, फिरत मात्र नाही, आणि खरी किल्लीही मग आत जात नाही. असाच हा प्रकार. पेशीला नवे डीएनए तयार करता येत नाही आणि तिची वाढ खुंटते. यातले पहिले औषध अमिनॉप्टेरिन. फार्बरने जून १९४८ मध्ये १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांपैकी १० जणांत सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, पण रसायनाने कर्करोग मागे हटू शकतो हे दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. अमिनॉप्टेरिनचे पाठचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि आपल्या गोष्टीतली गोळी तीच.

मेथोट्रेक्सेट स्तनाच्या कर्करोगापर्यंत आणले ते न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयातील डॉ. जेन राइट यांनी. रक्ताच्या कर्करोगावर चालणारे औषध गाठीच्या कर्करोगावर चालणार नाही, अशी तेव्हा समजूत होती. राइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ मध्ये दाखवले, की स्तनाच्या कर्करोगाच्या काही स्त्रियांत मेथोट्रेक्सेटने रोग मागे हटतो. राइट कृष्णवर्णीय होत्या आणि हार्लेम ही गरिबांची वस्ती. परळच्या चाळीनंतर ही कथा पुन्हा तसल्याच वस्तीत येते.

जास्त म्हणजे चांगले?

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत औषधांची संख्या वाढली. जर्मनीतील नॉर्बर्ट ब्रॉक यांच्या चमूने १९५० च्या दशकाच्या अखेरीस सायक्लोफॉस्फामाइड तयार केले. त्याचे मूळ युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूच्या रसायनात आहे, पण ते तोंडावाटे घेता येते. १९७६ मध्ये मिलानचे जानी बोनादोन्ना यांनी ३८६ स्त्रियांवरील परीक्षेचा अहवाल दिला. शस्त्रक्रियेनंतर तीन औषधे एकत्र दिली, तर रोग परतण्याचे प्रमाण घटते, असे त्यात दिसले. त्या तिन्हींतले सायक्लोफॉस्फामाइड हे गोळीच्या रूपात, महिन्यातले चौदा दिवस घरी घ्यायचे होते. म्हणजे 'किमो' म्हणजे फक्त सलाईन, ही आपली समजूत पहिल्यापासूनच अपुरी होती.

इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण घरोघर त्याचा घोळ होतो. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या गोळ्याही स्तनाच्या कर्करोगावर दिल्या जातात, पण त्या संप्रेरकावरच्या, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या आहेत. या लेखाचा विषय पेशी मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्यांचा आहे.

त्यानंतरच्या काळात वैद्यक उलट्या दिशेने गेले. औषध जितके जास्त, तितका गुण जास्त, असे मानले जाऊ लागले. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात इतका मोठा डोस द्यायचा, की अस्थिमज्जाच नष्ट व्हावी, आणि मग रुग्णाच्याच साठवलेल्या पेशी परत घालून तिला वाचवायचे. हजारो स्त्रियांनी हा छळ सोसला, तोही पुरती परीक्षा होण्याआधी. मे १९९९ मध्ये अमेरिकेत पाच परीक्षांचे निकाल जाहीर झाले. चारांत फायदा दिसला नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतील वर्नर बेझवोडा यांची, घवघवीत यश सांगत होती. अमेरिकी तज्ज्ञ तिथे जाऊन नोंदी पाहू लागले तेव्हा नोंदी जुळेनात. फेब्रुवारी २००० मध्ये बेझवोडांनी खोटेपणा कबूल केला.

परीक्षा म्हणजे काय आणि ती का हवी, हे मला या प्रकरणाइतके दुसऱ्या कशातून नीट समजले नाही. मोठ्या डोसाचा उपचार भव्य होता, महागडा होता, मोठ्या रुग्णालयांत होत होता. तरी तो पोकळ निघाला. उपचार किती मोठा दिसतो यावरून तो किती खरा आहे हे कळत नाही.

कमी, पण नियमाने

त्याच २००० साली दुसरी गोष्ट घडली. बोस्टनमधील जूडा फोकमन आणि टोरोंटोतील रॉबर्ट कर्बेल यांच्या प्रयोगशाळांनी उंदरांवर दाखवले, की औषधाचा लहान डोस मधे मोठी विश्रांती न देता सातत्याने दिला, तर तो गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांवर काम करतो. मोठ्या डोसानंतरच्या तीन आठवड्यांच्या खंडात त्या वाहिन्या पुन्हा उभ्या राहतात, सातत्याच्या डोसाने त्यांना ती उसंत मिळत नाही. डग्लस हॅनहन यांनी या पद्धतीला 'मेट्रोनॉमिक' हे नाव दिले. गाण्याच्या रियाजात ताल धरणारे मेट्रोनोम नावाचे यंत्र असते, त्यावरून. आपल्याकडे तबला शिकणाऱ्याला लेहऱ्याचे जे महत्त्व, तेच इथे वेळेचे.

उंदरांवरून माणसांवर येण्यासाठी २००२ मध्ये मिलानमध्ये मार्को कोलिओनी आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ६४ स्त्रियांना दोन जुन्या, स्वस्त गोळ्या दिल्या. सायक्लोफॉस्फामाइड ५० मिलिग्रॅम रोज, आणि मेथोट्रेक्सेट २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण आठवड्यातले दोनच दिवस. १९ टक्के स्त्रियांत गाठी स्पष्टपणे आटल्या. जिथे रोग निदान सहा महिने तरी जागच्या जागी थांबला अशा स्त्रिया धरल्या तर प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. त्रास बेताचा होता. आकडे दिपवणारे नव्हते, पण त्यांपैकी अनेकींनी आधीचे उपचार संपवले होते.

याच सुमारास दुसरी गोळी वापरात आली, कॅपेसिटाबीन. फ्लुओरोयुरॅसिल हे १९५७ चे औषध तोंडावाटे घेतले तर त्याचे शोषण भरवशाचे नसे. जपानमधील संशोधकांनी त्याचे असे रूप बनवले, की ते आतड्यातून नीट जाते आणि मग शरीरात, बऱ्याच अंशी गाठीतच, त्याचे मूळ औषध तयार होते. अमेरिकेतील परीक्षेत १६२ स्त्रियांना ते दिले गेले. त्या सगळ्यांवर पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधे वापरून झाली होती. ज्यांच्या गाठी मोजता येत होत्या, अशांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांत त्या आटल्या. एप्रिल १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आज आपल्या भागातल्या फायलींत सर्वांत जास्त दिसणारी गोळी हीच असेल.

बायांना स्वतःला काय हवे असते, हेही कोणीतरी विचारले. टोरोंटोमधील डॉक्टरांनी १९९७ मध्ये बरा न होणारा कर्करोग असलेल्या रुग्णांना विचारले, की गोळी हवी की सलाईन. दहातल्या सुमारे नऊ जणांनी गोळी निवडली. पण पुढचा प्रश्न होता, गोळीचा गुण कमी असला तर? तेव्हा ७० टक्के लोक म्हणाले, मग नको. सोय हवी, पण गुणाच्या बदल्यात नको. परतीच्या गाडीतली आपली शंका आणि हे उत्तर एकच आहे.

ही मागणी पूर्ण होते का, याचा निवाडा समोरासमोरच्या तुलनेतून होतो. इटलीतील एका परीक्षेत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारच्या १४० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला तीन गोळ्यांचा मेट्रोनॉमिक उपचार, दुसऱ्याला दर आठवड्याचे पॅक्लिटॅक्सेल सलाईन. २०२३ मध्ये निकाल आला. गोळ्यांच्या गटात उपचार सरासरी ८.३ महिने टिकला, सलाईनच्या गटात ५.७ महिने. एकूण आयुष्यात मात्र फरक दिसला नाही, आणि गंभीर त्रास गोळ्यांच्या गटात अधिक होता. गोळी सलाईनच्या बरोबरीला बसली, पण गोळी म्हणजे सौम्य हा समज या परीक्षेने खोडून काढला.

सगळ्याच गोळ्या उत्तीर्ण झाल्या नाहीत. पॅक्लिटॅक्सेलच तोंडावाटे देण्याचा प्रयत्न लॅटिन अमेरिकेतील ४०२ स्त्रियांवर झाला. गाठी आटण्याचे प्रमाण सलाईनपेक्षा चांगले निघाले, ३६ टक्के विरुद्ध २३ टक्के. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता नाकारली. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका आणि तपासणीच्या चित्रांचे वाचन या दोन्हींबद्दल त्यांना शंका होत्या. जिथे नापास होता येते, तिथल्याच उत्तीर्णतेला किंमत असते. तुमच्या हातातली गोळी अशा ठिकाणाहून आली आहे.

बेळगाव, २००२

हे सगळे मिलान, बोस्टन, टोरोंटोचे झाले. आपल्या मातीचे काय? ज्या २००२ साली मिलानचा निबंध आला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एका गोळीची परीक्षा सुरू झाली. ती कर्करोगाची नव्हती, बाळंतपणाची होती. पण गोळीची परीक्षा कशी घ्यावी याचे तिच्याइतके चांगले उदाहरण आपल्याला घराजवळ मिळणार नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाई दगावते, हे आपल्या आज्यांनी पाहिले आहे. त्यावरचे ऑक्सिटोसिन हे औषध टोचावे लागते आणि थंड ठेवावे लागते. खेड्यातल्या घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणाला ते कुठून मिळणार? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शिवप्रसाद गौडर, डॉ. भालचंद्र कोडकणी आणि अमेरिकेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसोप्रोस्टॉलची गोळी निवडली. ती उन्हात टिकते आणि तोंडावाटे घेता येते. १६२० बायांना परिचारिकांनी बाळंतपणानंतर लगेच एक पुडी दिली. निम्म्या पुड्यांत औषध होते, निम्म्यांत औषध नसलेल्या गोळ्या. कोणत्या पुडीत काय आहे, हे बाईला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्या परिचारिकेलाही नव्हते.

किती रक्त गेले हे डोळ्यांनी अजमावले तर चुकते. म्हणून बाईच्या अंगाखाली खुणा केलेली पिशवी जोडलेले प्लास्टिक अंथरले आणि रक्त त्यात मोजले. डिसेंबर २००५ पर्यंत हे चालले. निकाल असा: औषध नसलेल्या गटात १२ टक्के बायांना रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये हा निबंध लॅन्सेटमध्ये आला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आज आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात ही गोळी दिली जाते, तिच्यामागे बेळगाव जिल्ह्यातल्या बायांची साक्ष आहे. त्यांतल्या कित्येकींच्या घरी मराठी बोलतात, कित्येकींच्या घरी कानडी. त्या पिशवीवरच्या खुणेला भाषा नव्हती.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. तुलना करायला दुसरा गट हवा. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा मोजमाप हवे. आणि देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या इच्छेने निकालावर सावली पडू नये. कर्करोगाच्या गोळीचीही परीक्षा याच तीन गोष्टींवर टिकते.

पुन्हा परळ

आता परळला परत येऊ. निदान होतानाच रोग पसरलेला आहे, अशा स्त्रिया आपल्याकडे फार. त्यांच्या स्तनातली गाठ काढली तर आयुष्य वाढते का? वाटते की वाढावे. टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात केमोथेरपीने गुण आलेल्या ३५० स्त्रियांना दोन गटांत वाटले. एका गटाला शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, दुसऱ्याला ते नाही. पहिल्या गटातील मध्यम आयुष्य १९.२ महिने, दुसऱ्यातील २०.५ महिने निघाले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या ३५० जणींमुळे त्यांच्यामागून येणाऱ्या असंख्य बायांच्या अंगावरची एक सरसकट शस्त्रक्रिया टळली. नको ते टाळणे हेही औषधच.

मेथोट्रेक्सेटची गोळी परळमध्ये मोठ्या परीक्षेला बसली ती तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगासाठी. निपाणीकरांना हा आजार वेगळा सांगायला नको. तंबाखूच्या वखारींनी या गावाला पैसा दिला, विडी वळणाऱ्या हजारो बायांच्या चुली पेटवल्या, आणि त्याच पानाने घरोघर काय नेले हेही आपण पाहिले आहे. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांच्या चमूने २०१६ ते २०२० या काळात ४२२ रुग्ण घेतले. एका गटाला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब ही साधी वेदनाशामक गोळी. दुसऱ्याला दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचे सलाईन. प्रश्न विनम्र होता: गोळ्या सलाईनपेक्षा कमी तर पडत नाहीत ना? गोळ्यांच्या गटातील मध्यम आयुष्य ७.५ महिने, सलाईनच्या गटातील ६.१ महिने. गंभीर त्रास गोळ्यांच्या गटात १९ टक्क्यांना, सलाईनच्या गटात ३० टक्क्यांना.

सहा आणि साडेसात महिन्यांतला फरक ऐकून मन खट्टू होते, हे मला ठाऊक आहे. पण ते महिने कुठे गेले याचाही हिशेब करावा. सलाईनवाल्याचे महिने रांगेत, गाडीत, धर्मशाळेत जातात. गोळीवाल्याचे बरेच दिवस आपल्या ओसरीवर जातात.

आणि हे औषध तेच. परळच्या बायांच्या पांडुरोगातून सुरू झालेला धागा सुब्बाराव, फार्बर, राइट, मिलान असा जग फिरून ९० वर्षांनी हाफकिनच्या शेजारच्या इमारतीत आला. परतीच्या गाडीतल्या शंकेचे उत्तर इथे आहे. गोळी दिली म्हणजे हात टेकले असे नाही. ती मोजून, तुलना करून, नापास होण्याची जोखीम घेऊन आलेली असू शकते. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा: ही गोळी कशाच्या तुलनेत तपासली गेली? पसरलेल्या रोगात ती रोग आटोक्यात ठेवायला दिली जाते, मुळासकट काढायला नव्हे. ते समजून घेतले की तिच्याकडून नको ती अपेक्षाही राहत नाही आणि तिचा अनादरही होत नाही.

तीन शब्द

सलाईन रुग्णालयात लागते. डोस परिचारिका तपासते, तारीख संगणक सांगतो, चूक झाली तर धावणारे माणूस शेजारी असते. गोळी घरी आली की ही सगळी कामे घराकडे येतात. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर किंवा फ्रीजवरच्या डब्यात ती इतर गोळ्यांत जाऊन बसते. रक्तदाबाची रोज, साखरेची रोज, मग हीही रोज, असा हात चालतो.

परळच्या परीक्षेतला डोस घ्या. सर्वसाधारण बांध्याच्या बाईला तो साधारण २२ मिलिग्रॅम होतो, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या नऊएक गोळ्या. त्या एकाच दिवशी घ्यायच्या आणि मग सहा दिवस एकही नाही. चिठ्ठीवरचे ते तीन शब्द हेच. इंग्रजीत लिहिलेले असल्यामुळे, घाईत सांगितल्यामुळे, दुकानदाराने पाकिटावर 'रोज' असे लिहिल्यामुळे माणसांनी मेथोट्रेक्सेट रोज घेतले आणि तोंड सोलवटून, रक्ताच्या पेशी संपून दगावले, अशा घटना जगभर नोंदल्या आहेत. औषध खरे होते, परीक्षा खरी होती. माणूस वाचनात गेला.

आपल्या सीमाभागात हे दुपटीने खरे आहे. फाईल इंग्रजीत, दुकानाची पाटी कानडीत, आजीचे वाचन मराठीत. या विषयावर आपण १९५६ पासून मोर्चे काढले आहेत, अर्ज केले आहेत. ते आपल्या जागी. पण फळीवरच्या डब्यापर्यंत भाषा पोहोचवायला कोणत्याही सरकारच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पाकिटावर आपल्या अक्षरात वार लिहा. 'सोमवार' असे मोठे लिहा. कालनिर्णयाच्या चौकोनात गोळ्यांचा आकडा लिहा. ज्या वाराला काही घ्यायचे नाही, तिथे ठळक फुली मारा. कॅपेसिटाबीन असेल तर चौदा दिवस आणि सात दिवस सुट्टी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, हे लिहा. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले, जुलाब थांबेनात, ताप आला, तर कोणाला फोन करायचा तो नंबर त्याच कागदावर लिहा. गोळी कुटू नका, तोडू नका. घरात गरोदर सून असेल तर तिला त्या हाताळू देऊ नका.

आणि कोणी तुमच्या घरच्या बाईला परीक्षेत सहभागी व्हाल का, असे विचारले तर घाबरून उठू नका, भारावून सहीही करू नका. आपल्या देशात परीक्षांची सार्वजनिक नोंद २००७ पासून होते, ती २००९ पासून सक्तीची आहे. नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णाला कळेल अशा भाषेतले संमतिपत्र लागते. कधीही बाहेर पडण्याचा हक्क असतो. मराठीतला कागद मागा. तो स्वतः वाचा, मग ज्या बाईची सही हवी आहे तिला मोठ्याने वाचून दाखवा. नवऱ्याने वाचले आणि तिने सही केली, याला संमती म्हणत नाहीत.

मुंबईतल्या त्या गरोदर बायांना १९२८ मध्ये कोणी असा कागद दिला असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी बरे होऊन साक्ष दिली. त्यांच्यानंतरच्या बाया ६४ झाल्या, ३५० झाल्या, १६२० झाल्या. एवढ्या जणींच्या साक्षीने जे औषध आपल्या फळीपर्यंत आले, ते आपल्या वाचण्याच्या चुकीने वाया जाऊ नये, इतके तर आपण त्यांचे देणे लागतो.

आज रात्री जेवणे झाल्यावर आईचा, सासूचा औषधाचा डबा एकदा खाली काढा. कोणती गोळी कोणत्या वारी, ते तिच्याकडून म्हणवून घ्या, आणि तिला वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवा: आठवड्यातून एकदा, सोमवारी.